एक्स्टेन्शनला ‘पुरवणी’ चालेल का?

साखरपेठकर: सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं वेब ॲप्लिकेशन करतोय. गाभा, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, सगळ्यांना एकच. स्टॉक, जीएसटी, वाहतूक ही मॉड्यूल हवी तशी जोडायची. मराठी माहितीपुस्तिकेत मी एक्स्टेन्शनला ‘पुरवणी’ आणि कस्टमायझेशनला ‘फेरबदल’ लिहिलं. सहकाऱ्यानं पुरवणी खोडून ‘विस्तार’ केलं. पुरवणी कोणत्याही दुकानात बसते, फेरबदल एकाच गिऱ्हाइकापुरता असतो. हा फरक शब्दातच दिसायला हवा.

भाषा_जपा: ‘विस्तारक’ घ्या. पुरवणी म्हटलं की परीक्षेत दोऱ्यानं बांधायचा कागद आठवतो.

साखरपेठकर: तेच तर हवंय काका! मूळ उत्तरपत्रिकेला हात न लावता जोडलेली.

कोडवाली: मला ‘फेरबदल’ खटकतो. त्यातून गाभाच उघडायचा असं वाटतं. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, २००४ पासून प्लगइन (बाहेरून जोडायचे भाग) आहेत ते याचसाठी. गाभ्याची फाइल बदलली, की पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जातो. म्हणून हूक असतात, म्हणजे बाहेरचा कोड जोडायला गाभ्यात ठेवलेल्या जागा. थीममधले, म्हणजे साइटच्या रूपातले, बदलसुद्धा मूळ थीमला हात न लावता वेगळ्या चाइल्ड थीममध्ये ठेवतात. एकाच गिऱ्हाइकाचं काम असलं तरी ते वेगळ्या मॉड्यूलमध्येच हवं.

भाषा_जपा: हूकला ‘आकडा’ म्हणा.

कोडवाली: नको हो काका. आकडा म्हणजे एक तर संख्या, नाही तर वीज चोरायला तारेवर टाकतात तो. ‘खुंटी’ बरी. गाभ्यानं जागोजागी खुंट्या ठोकून ठेवायच्या, ज्याला जे अडकवायचं ते त्यानं अडकवावं.

मागवाला: ताई, हे आमच्या नक्षी विणायच्या जकार्ड मागावर रोज चालतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलली की चादरीवर मोर जाऊन फुलं येतात. नवीन डिझाइनसाठी माग कुणी खोलत नाही. फ्रान्सात १८०४ मध्ये निघालेली युक्ती आहे ही. कस्टमायझेशनला सरळ ‘नक्षी’ म्हणा.

भाषा_जपा: नक्षी अरबीतून आलेला.

मागवाला: आमच्या आजीला कुठं माहीत होतं?

कोडवाली: मग प्लगइन तरी का नको? तोही रुळलाय.

भाषा_जपा: रुळला, कारण आपण दुसरा दिलाच नाही. सावरकरांनी घडवलेले ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्दही सुरुवातीला कानाला नवेच होते.

साखरपेठकर: पुरवणीचं काय ठरलं?

कोडवाली: दादा, तुम्ही ‘माग’ म्हणता? कारखान्यात मी तर ‘लूम’च ऐकते.

मागवाला: कारखान्यात लूम. घरात अजून मागच, आणि तोही तेलुगू बोलता बोलता.