रिले बदलण्यापूर्वी बल्ब आणि होल्डर तपासावा
गाडीचा फक्त उजवा इंडिकेटर भरभर लुकलुकतो म्हणून रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच) बदलावा का, असे आपण विचारले आहे. परंतु बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजूंना रिले एकच असतो आणि आपली डावी बाजू नीट चालते, त्यामुळे दोष तिथे नसावा. पुढचा किंवा मागचा २१ वॅटचा बल्ब गेला की त्या बाजूचा विद्युतप्रवाह घटतो आणि चालकाला ते कळावे म्हणूनच रिले वेग वाढवतो. बल्ब शाबूत दिसला तरी होल्डर काढून पाहावा. पावसाळ्यात मागच्या दिव्यात ओल शिरून पितळी पट्टीवर हिरवट थर चढतो, तो बारीक पॉलिशपेपरने घासला की अनेकदा काम भागते. एलईडी बल्ब बसवले असल्यास मात्र ते मुळातच कमी विद्युतप्रवाह घेतात, म्हणूनही वेग वाढतो; त्यावर उपाय म्हणून जोडला जाणारा रेझिस्टर (प्रवाह वाढवण्यासाठीचा रोधक) फार तापत असल्याने, एलईडीसाठीचा फ्लॅशर (म्हणजे तसा रिले) मला अधिक सुरक्षित वाटतो.