उ: क्लाउन माशाच्या अंगावर पांढरे ठिपके, मेन टँकमध्येच कॉपर टाकू का?

दादा, कॉपर म्हणजे तांब्याचं औषध, ते मेन टँकमध्ये अजिबात नको! कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळं जाईल आणि लाइव्ह रॉक (जिवाणू वाढलेले खडक), वाळू कॉपर शोषून घेते म्हणून रीडिंग टिकतच नाही, डोस टाकत बसाल. औषधासाठी वेगळा साधा टँक लावा, तळ मोकळा, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा.

आता डोस. आधी बाटली कुठली ते बघा, कॉपर पॉवरसारख्या चिलेटेड (तांबं दुसऱ्या रसायनाला बांधलेल्या) औषधाला २ ते २.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) लागतं, क्युप्रामिन या दुसऱ्या औषधाला ०.५, म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याला लावलात तर मासे गेलेच. मी तेच करणार होतो, बायकोने लेबल वाचून दाखवलं म्हणून वाचलो :) दुसरं, २ बाय १ बाय १ फुटाचा टँक कागदावर ५७ लिटर भरतो पण वर मोकळी जागा सोडली की पाणी जेमतेम ५०, डोस त्या ५० वरच काढा. एकदम नका टाकू, दोन-तीन दिवसांत चढवा आणि रोज टेस्ट. रंग जुळवायच्या किटमध्ये ट्यूबलाइटखाली मला तरी काही कळत नाही, कॉपर मोजून आकडा दाखवणारा हॅना कंपनीचा हाय रेंज चेकर महाग आहे पण घ्या.

पाणी उडालं तर नुसतं आरओचं टाका, कॉपर उडत नाही. १० लिटर बदललंत तर मात्र त्या १० लिटरपुरता डोस आधीच मिसळून. ठिपके गेले म्हणून थांबू नका, ठिपके आणणाऱ्या किड्यांपैकी कॉपर फक्त पाण्यात पोहणाऱ्यांना मारतं, अंगावरच्यांना नाही, म्हणून मी पूर्ण ३० दिवस ठेवतो.

कोथरूडकडे असाल तर माझा चेकर नेऊन वापरा.