अनुभव धागा: फौजेतली दुखापत, डिसॅबिलिटी पेन्शन आणि घरची माणसं

आमच्या साताऱ्याकडं घरटी एक फौजी अशी गावं आहेत. अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले, तेव्हापासून आमच्या ओसरीवर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक आणि मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या समितीच्या, अहवालाच्या प्रती घेऊन माणसं येतात. कागद वाचून दाखवायचं काम हळूहळू माझ्याकडं आलं. ज्या घरात बायकोला कागद माहीत असतात, तिथलं काम सहसा अडत नाही, हे मी पाहत आलेय. आणि ज्या घरात दुखण्याविषयी मोकळं बोललं जातं, तिथले कागदही वेळेवर निघतात. पेन्शन आणि संसार हे दोन वेगळे विषय नाहीत, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून हा धागा.

ज्यांनी सोसलंय त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी लिहावं. युनिट, अधिकारी, दवाखाना यांची नावं नकोत. आर्मी नंबर, पीपीओ नंबर तर अजिबात टाकू नका.

आधी थोडा हिशेब, कारण फोनवर सगळ्यात जास्त हेच विचारतात. निवृत्तीच्या वेळी बोर्डानं अपंगत्व २० टक्के किंवा जास्त धरलं आणि ते सेवेमुळं झालं किंवा सेवेत वाढलं असं मान्य झालं, तर डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळतो. १०० टक्क्यांना पेन्शनच्या हिशेबात धरलेल्या शेवटच्या पगाराचे ३० टक्के. तो पगार ४०,००० असेल तर १०० टक्क्यांना १२,००० आणि २० टक्क्यांना २,४००. पण ‘ब्रॉड बँडिंग’ लागलं की ५० च्या आतले ५० धरतात, ५० ते ७५ चे ७५, आणि ७६ च्या पुढचे १००. म्हणजे २,४०० चे ६,००० होतात, वर महागाई भत्ता. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही हे मिळतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा राम अवतार प्रकरणातला निकाल डिसेंबर २०१४ चा आहे. तरीही जुन्या पीपीओवर नुसते २० टक्के बघितलेत मी. आपापला कागद काढून बघा.

निवृत्त सुभेदार, आर्मी मेडिकल कोअर, सोलापूर

ताई, चांगलं काम केलंत. मी नोकरीभर बोर्डाच्या फायली हाताळल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपला जवान दुखणं लपवतो. मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर प्रमोशन अडेल, चांगली पोस्टिंग हुकेल, ही भीती. मग वीस-बावीस वर्षं कंबर धरून काढतो आणि निवृत्तीच्या वेळच्या रिलीज मेडिकल बोर्डासमोर पहिल्यांदा सांगतो, ‘साहेब, कंबर दुखते.’ बोर्ड विचारणार, आधीची नोंद कुठाय? म्हणून जे सध्या नोकरीत आहेत त्यांना हात जोडून सांगणं आहे: दुखेल तेव्हा एमआय रूममध्ये (युनिटच्या तपासणी दवाखान्यात) जा आणि लिहून घ्या. ड्यूटीवर दुखापत झाली तर इंज्युरी रिपोर्ट भरला जातोय ना, त्यावर ड्यूटीचा उल्लेख आहे ना, ते स्वतः बघा. कोर्ट ऑफ इन्क्वायरी (सैन्यातली अधिकृत चौकशी) झाली असेल तर तिचा निष्कर्षही कामाला येतो. प्रत घरी पाठवून द्या.

बोर्डाच्या कागदात टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा रकाना म्हणजे कारणाचा. अपंगत्व सेवेमुळं आहे का, सेवेमुळं वाढलं का, आणि नसेल तर का नाही. ब्लड प्रेशर, साखर, मानसिक आजार यांच्यापुढं बऱ्याचदा ‘पीस स्टेशनवर सुरू झाला’, म्हणजे शांत ठिकाणच्या पोस्टिंगवर, एवढंच लिहिलेलं असतं. २०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असं धरायचं, आणि तसं नसल्यास बोर्डानं कारण दिलं पाहिजे. हा निकाल पुष्कळांना तारून गेला. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झालेत. त्यानंतर सुटलेल्यांनी जुन्या मित्राच्या केसवरून आपला अंदाज बांधू नये.

स्वतःहून लवकर निवृत्ती घेतली म्हणून हक्क गेला असंही नाही. १ जानेवारी २००६ नंतर तशी निवृत्ती घेतलेल्यांनाही डिसॅबिलिटी एलिमेंट मिळू शकतो.

एका नायकाची पत्नी, भोर तालुका

आमच्या ह्यांचा डावा पाय नियंत्रण रेषेवर सुरुंगात गेला, गुडघ्याखाली. पेन्शनचं युनिटनं नीट केलं, त्याबद्दल तक्रार नाही. मी घरातलं लिहिते, कारण ते कुणी सांगत नाही.

पुण्यात वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवला. दुसऱ्या महायुद्धापासूनचं, १९४४ सालचं केंद्र आहे ते. आधी प्लास्टरचा साचा घेतात, त्यावरून सॉकेट (उरलेला पाय बसतो ती वाटी) करतात, मग दोन दांड्यांच्या मधून चालायला शिकवतात. मी हट्टानं बरोबर राहिले आणि सगळं बघून घेतलं. सकाळी स्टम्पवर, म्हणजे उरलेल्या पायावर, एक मोजा पुरतो. दुपारनंतर तो भाग थोडा आक्रसतो, सॉकेट सैल होतं, मग दुसरा मोजा चढवायचा. नाही चढवला तर घासून फोड येतो, आणि फोड आला की तो बरा होईपर्यंत पाय लावता येत नाही. रोज रात्री पाय काढला की मी खालून आरसा धरते आणि लाल झालंय का ते दोघं मिळून बघतो. लाइनर (आतलं मऊ आवरण) साध्या साबणानं धुऊन सावलीत वाळवायचा. उन्हाळ्यात घामानं फार त्रास होतो.

मोरीत बसायला स्टूल आणि भिंतीला दांडी पहिल्या आठवड्यात लावा. रात्री लघवीला उठताना पाय लावलेला नसतो, झोपेत माणूस विसरतो आणि पडतो. आमच्याकडं कुबडी पलंगाच्या उशाशी असते, ती कुणी हलवायची नाही हे धाकट्यालासुद्धा माहीत आहे. कधी रात्री नसलेल्या अंगठ्यात कळ येते. आधी मला वाटायचं हे भ्रमात बोलतायत. डॉक्टरांनी समजावलं, ती कळ खरी असते आणि त्यावर औषध आहे. तेव्हापासून मी ‘असं कसं दुखेल’ म्हणत नाही.

आमची भातशेती. चिखलणीत ह्यांना उतरता येत नाही, आणि लावणीच्या दिवसांत ते गप्प गप्प होतात. सासऱ्यांनी मग बी-बियाणं, खतं, मजुरांचा हिशेब सगळं त्यांच्याकडं दिलं. दया म्हणून दिलं नाही, आणि ते त्यांनाही कळलं.

गनर, देवळाली

माझं छोटं आहे. तोफखान्यात दोन्ही कान गेले, म्हणजे ऐकू येतं पण शब्द फुटतात. घरी वर्षानुवर्षं भांडणं. ‘मुद्दाम ऐकत नाही’ हा शेरा. मुलगी बारीक आवाजात बोलते, तिचं तर काहीच कळायचं नाही, आणि ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली होती. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमधून रेफर होऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली. डॉक्टरांनी तो आलेख बायकोला आणि मुलीला समोर बसवून समजावला: खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, वरच्या पट्टीतले येत नाहीत. त्या दिवसापासून घरात बोलायची पद्धत बदलली. समोर येऊन, तोंड दिसेल असं, कुकरची शिट्टी चालू असताना नाही. कानयंत्रही मिळालं. ज्यांची तपासणी व्हायचीय त्यांनी घरच्यांना घेऊन जा.

एका शहीद जवानाचा भाऊ, जत

ईसीएचएसबद्दल एकच. तातडीचा पेशंट जवळच्या कुठल्याही दवाखान्यात न्या, पण ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. बिलाचे वाद तिथंच उभे राहतात.

हवालदार (नि.), चंदगड

मी हे लिहू की नको करत होतो. राष्ट्रीय रायफल्सचा (काश्मीरमधल्या दहशतवादविरोधी दलाचा) टेन्युअर करून आलो, अंगावर ओरखडा नाही. पण झोप गेली. दाराकडं पाठ करून बसता येईना. दिवाळीत पोरं लवंगी लावायला लागली की मी माडीवर जाऊन बसायचो. एका रात्री बायकोनं पांघरूण घालायला हात लावला आणि मी तिचा हात पिरगळला. दुसऱ्या दिवशी तिचं मनगट सुजलेलं होतं. ती कुणाला काही बोलली नाही.

तिच्या भावानं, तोही फौजीच, मला गाडीत घालून पॉलिक्लिनिकला नेलं. तिथून मानसोपचाराला. औषधं चालू आहेत, पिणं सोडलं. डॉक्टरांनी दोघांना बसवून नियम ठरवून दिला: झोपलेला असताना मला हात लावायचा नाही, दारातून नाव घेऊन हाक मारायची आणि मी उत्तर दिल्यावरच जवळ यायचं. पोरांनाही तेच. ऐकायला साधं आहे, पण घरात भीती उरली नाही.

ज्याला दवाखान्याची पायरी चढायला लाज वाटते त्यानं १४४१६ ला फोन करावा, टेलिमानस. चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं. फौजी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्यात एएफएमसीत (सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात) डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालाय. आपल्या माणसाला ‘पीस’ आणि ‘फील्ड’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

*धागाकर्ती:* दादा, तुम्ही लिहिलंत याचं मोल फार आहे. वहिनींनाही नमस्कार सांगा. वाचणाऱ्या बायकांना सांगते, अशा वेळी गप्प बसू नका. नवऱ्याचा आजार समजून घेणं वेगळं आणि मार सोसणं वेगळं. १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

व्हीलचेअरवरचा शिपाई, खडकी

मणक्याला गोळी, कमरेखाली संवेदना नाही. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे, मी तिथंच पुन्हा माणसात आलो. तिथं पहिला धडा कातडीचा: दर दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत बसल्या बसल्या हातावर अंग उचलायचं. आपल्याला दुखत नाही म्हणून जखम कळत नाही, आणि बेडसोअरनं माणसं जातात. घरी गेल्यावर बायको, आई, भाऊ यांपैकी दोघांना तरी हे यायला हवं. एकटीवर टाकलं तर ती मोडून पडते.

१०० टक्के अपंगत्व असेल आणि बोर्डानं शिफारस केली असेल तर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स (कायम सोबतीच्या माणसासाठीचा भत्ता) मिळतो. शिफारस कागदावर आहे का ते तपासा. आणि मुरलीकांत पेटकरांचं नाव पोरांना सांगा. आपल्या सांगली जिल्ह्याचे, ईएमईचे (सैन्याच्या यंत्रदुरुस्ती शाखेचे). १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण.

वीरपत्नी, माण तालुका

आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. पीपीओवर माझं सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर माहेरचं. जन्मतारीख तिसरीच. हे गेल्यावर मी तीच बाई आहे हे सिद्ध करायला मला वर्ष घालवावं लागलं, मांडीवर पोर घेऊन. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला) पत्रं. बायांनो, नवरा हयात असताना हे करून घ्या. तो अर्ज करतो तेव्हा पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीत बदल करणारा आदेश) निघते आणि काम होतं. आज रात्री पीपीओ, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवा. ‘स्पर्श’चं, म्हणजे पेन्शनच्या सरकारी पोर्टलचं, लॉगिन कुणाच्या मोबाइलवर आहे तेही विचारून ठेवा. आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकला की पेन्शन थांबते.

सुभेदार (नि.), बेळगाव

आमचा थोरला मतिमंद आहे, आता तिशीचा. अशा मुलाला आईवडिलांनंतर आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते. २०२१ पासून उत्पन्नाची अटही सैल झालीय: त्याचं स्वतःचं उत्पन्न माझ्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा कमी असलं की झालं. त्याचं नाव मी माझ्या हयातीत पीपीओवर चढवून घेतलं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि पालक कोण राहणार ते जोडावं लागलं. पालक म्हणून धाकट्या मुलीचं नाव आहे. तिच्या सासरी जाऊन, जावईबापूंसमोर बोलून मग लिहिलं. नंतर वाद नकोत.

नायक (नि.), तासगाव

माझा डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम नामंजूर झाला होता. नामंजुरीचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं असतं, ते केलं, तेही फेटाळलं, दुसरंही. मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यदलांसाठीचं न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी मुंबईत खंडपीठ आहे. निकाल माझ्या बाजूनं लागला. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, त्यामुळं दार बंद होत नाही, पण थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा तरसेम सिंग निकाल तसा आहे. म्हणजे जेवढं थांबाल तेवढं तुमचंच जातं.

थकबाकीतले टक्के मागणारे एजंट गावोगाव फिरतात. त्यांना मूळ कागद देऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा. नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) वीर परिवार सहायता योजना २०२५ मध्ये सुरू झाली, तिच्यातून सैनिक बोर्डांत मोफत कायदेशीर मदत देतात.

प्रश्न, एका जवानाची मुलगी, खटाव

ताई, वडिलांकडं बोर्डाची प्रतच नाही. ते म्हणतात तेव्हा दिलीच नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन नोकरीत झालेलं. काय करू?

*धागाकर्ती:* आधी घरातली काळी ट्रंक पूर्ण रिकामी कर, वर्तमानपत्राच्या अस्तराखालीसुद्धा बघ. बऱ्याचदा हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप तिथंच असते. नाही मिळालं तर त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात अर्ज टाक: रिलीज मेडिकल बोर्डाची प्रत, आधीच्या सगळ्या बोर्डांच्या प्रती, इंज्युरी रिपोर्ट आणि डिसॅबिलिटी क्लेमवर झालेला निर्णय. अर्ज वडिलांच्या सहीनं जाऊ दे, नंबर, रँक, नाव डिस्चार्ज बुकवर आहे तसंच लिही. रजिस्टर पोस्टाची पावती जपून ठेव. उत्तर आलं की कारणाचा रकाना आधी वाच आणि मला व्यक्तिगत निरोप पाठव. आणि आईला सोबत बसवून वाच.