धेंपोची घसरण केवळ मैदानावरची नव्हे

खेळाचा दर्जा खालावल्यामुळेच गोव्याचे फुटबॉल क्लब वरच्या श्रेणीतून बाहेर पडले, असे मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग या देशातील तेव्हाच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धांत मिळून पाच विजेतेपदे पटकावणारा गोव्याचा धेंपो क्लब २०१५ मध्ये द्वितीय श्रेणीत गेला, ही घसरण निःसंशय मैदानावरची होती. मात्र पुढच्याच हंगामात ती श्रेणी जिंकून परतीचा हक्क मिळवल्यानंतरही, इंडियन सुपर लीगला सर्वोच्च स्थान देऊन आय-लीगला दुय्यम ठरवणारा भारतीय फुटबॉल महासंघाचा आराखडा अमान्य असल्याने, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्याच क्लबांप्रमाणे त्याने २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली. आय-लीगचा २०१३ चा विजेता, गोव्याचाच चर्चिल ब्रदर्स तर वर्षभरातच बाहेर गेला आणि २०१७ मध्ये परतला, तोही द्वितीय श्रेणी जिंकून नव्हे, थेट प्रवेश मिळून. (बढतीची शिडी ही अशी!) धेंपोने २०२४ मध्ये पुन्हा खालून बढती मिळवली खरी, परंतु तोवर आय-लीग स्वतःच दुसऱ्या पायरीवर उतरली होती, म्हणजे क्लब जुन्याच स्पर्धेत परतला, जुन्या उंचीवर नव्हे.