ट्यूब अ‍ॅम्पमधली भणभण, शूं आणि खरखर: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न
पुश-पुल (दोन आउटपुट ट्यूब आळीपाळीने ओढणारा) गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प, सुरुवातीच्या भागात तीन १२एएक्स७ (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या ट्यूब). गिटार जोडलेली नसतानाही भणभण येते आणि व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी कमी होत नाही. गेन वाढवला की वर शूं चढतो. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर. तिन्हींचं मूळ एकच असेल का? फिल्टर कपॅसिटर (पॉवर सप्लायची वीज गुळगुळीत करणारे) बदलायच्या आधी काय तपासू?

सोल्डरधूर
तीन आवाज, बहुधा तीन कारणं.

भणभण व्हॉल्यूमला जुमानत नाही, म्हणजे ती सिग्नलच्या वाटेत नॉबनंतर जन्मते. आता तिचा सूर ओळखा. ५० हर्ट्‌झच्या विजेवर फिल्टर कपॅसिटरची भणभण १०० हर्ट्‌झची असते, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यापेक्षा किंचित वर. त्याच्याखाली सप्तकभर गोलसर घूं असेल तर हीटरच्या (ट्यूब तापवणाऱ्या तारेच्या) वायरिंगकडे किंवा अर्थ लूपकडे (अर्थला दोन वाटांनी जोडणी) बघा. (६० हर्ट्‌झच्या विजेवर हेच १२० आणि ६०.)

मग अ‍ॅम्प बंद करून पहिली १२एएक्स७ काढा, पुन्हा चालू करून ऐका. नंतर दुसरी, मग फेज इन्व्हर्टरची (दोन आउटपुट ट्यूबना उलटसुलट सिग्नल देणारी). जी काढल्यावर आवाज थांबतो, दोष त्या स्टेजमध्ये किंवा तिच्या आधी. तिन्ही काढूनही भणभण तशीच असेल तर पॉवर सप्लाय किंवा आउटपुट ट्यूब. स्पीकर मात्र जोडलेलाच ठेवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

शून्यबायस
कपॅसिटरवर लगेच आळ घेऊ नका. पुश-पुलमध्ये दोन्ही आउटपुट ट्यूब सारखा करंट घेत असतील तर सप्लायचा रिपल (व्होल्टेजमधली उरलेली चढउतार) ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही बाजूंनी येऊन रद्द होतो. एक २५ मिलिअँपिअर आणि दुसरी ४० घेत असेल तर चांगल्या कपॅसिटरवरही १०० हर्ट्‌झ ऐकू येतो. आधी दोन्हींचा बायस (सिग्नल नसतानाचा करंट) मोजा.

शूं थोडा असणारच, तो गेनबरोबर येतो. वाजवीपेक्षा जास्त वाटला तर पहिली ट्यूब बदलून बघा, स्वस्तातली चाचणी तीच. तरी फरक नसेल तर पहिल्या स्टेजचा १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर. जुना कार्बन कॉम्पोझिशन असेल तर १ वॅटचा मेटल फिल्म लावा. मध्येच तडतडही येत असेल तर बऱ्याचदा हाच गुन्हेगार. पेन्सिलीने ट्यूबवर हलकी टिचकी मारून टिंग आला तर ट्यूब मायक्रोफोनिक, म्हणजे धक्क्याचाही आवाज करणारी; हाय गेनवर थोडासा टिंग सगळ्याच देतात.

तारेवरची
खरखर राहिली. अ‍ॅम्प बंद करून पॉटमध्ये (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये) कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वीस-तीस वेळा फिरवा. आठवड्यात परत आली तर पॉट बदलून उपयोग नाही, पॉटच्या आधीचा, डीसी अडवून सिग्नल पुढे सोडणारा कपलिंग कपॅसिटर (बहुधा ०.०२२ मायक्रोफॅरड) डीसी गळू देतोय. अ‍ॅम्प चालू ठेवून पॉटच्या इनपुट टोकावर डीसी मोजा. जवळजवळ शून्य हवा. एखादा व्होल्ट दिसला तरी कपॅसिटर काढा.

आत हात घालण्याआधी: प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरवर ४०० व्होल्ट उरू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी चॅसी आणि प्रत्येक कपॅसिटरच्या धन टोकात धरा, मग मीटरने खात्री करा. आणि भणभण घालवायला प्लगची अर्थ पिन कापायची ‘युक्ती’ कुणी सुचवली तर ऐकू नका. आत दोष असेल तर गिटारच्या तारांना हात लावाल तेव्हा शॉक अंगातून जाऊ शकतो.

सोल्डरधूर
गिटार जोडल्यावरची गोष्ट वेगळी. तारांना हात लावल्यावर भणभण कमी झाली तर गिटारचं शिल्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आवरण) कमी आहे, अ‍ॅम्पचा दोष नाही. वाढली तर जॅकच्या वायरी उलट्या आहेत का बघा.