चामडी बांधणीचा माँतेन: घेताना काय बघावं, आपल्या हवेत कसा टिकवावा?

बालाघाट_वाचक (लातूर): सोळाव्या शतकातला फ्रेंच लेखक माँतेन, त्याच्या निबंधांची संग्राह्य आवृत्ती विकायला आलीय. पूर्ण चामडं, सोनेरी कडा, रेशमी खूण. अनुवाद कुणाचा, ते विक्रेत्याने सांगितलेलं नाही. पैसे देण्याआधी काय विचारू? आणि आपलं मे महिन्यातलं ऊन, नंतरची सर्द हवा, यात ती सांभाळायची कशी?

जुनं_पान: अनुक्रमणिकेचा फोटो मागवा. तीन खंडांत 57, 37 आणि 13 मिळून 107 प्रकरणं हवीत. कमी भरली तर ती निवड. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीच्या चित्रांची 1947 ची आवृत्तीही निवडच आहे, देखणी असली म्हणून काय झालं! शोभेच्या आवृत्त्यांत अनेकदा चार्ल्स कॉटनचा सतराव्या शतकातला इंग्रजी अनुवाद सापडतो, कारण त्यावर आता कुणाचा हक्क नाही. भाषा झोकदार आहे, पण माँतेनने कोणतं वाक्य कधी घातलं ते त्यात कळत नाही. 1580 चा मजकूर, 1588 ची भर आणि त्यानंतर समासात हाताने लिहिलेलं, असे तीन थर आहेत. फ्रेम आणि स्क्रीच यांचे विसाव्या शतकातले इंग्रजी अनुवाद ते ए, बी, सी खुणांनी दाखवतात. वाचायला त्यातला एखादा साधा पेपरबॅक घ्याच.

खळ_दोरा: कण्याचा वरचा भाग जवळून बघा. पानांच्या जुड्या शिवलेल्या दिसल्या पाहिजेत. नुसता गोंद असेल तर नाद सोडा. प्रत जुनी असेल तर चामड्यावरून पांढरा रुमाल फिरवायला सांगा. तांबूस भुकटी निघाली म्हणजे चामडं कुजतंय, ते पूर्ववत होत नाही.

नवी प्रत एकदम मधोमध उघडू नका, कणा मोडतो. कणा टेबलावर टेकवा, आधी पुढचा पुठ्ठा खाली, मग मागचा, मग दोन्हीकडून आळीपाळीने दहा-दहा पानं. सोनेरी कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात. ओढाल तर पान फाटेल. हलकेच वाकवून सुटू द्या.

गोदाकाठ (नांदेड): कोरड्या उन्हाळ्यात चामडं आकसतं, पुठ्ठे वाकतात. म्हणून लोक कपाट कूलरसमोर आणतात, तेही चूक. आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवा, 65 च्या पुढे बुरशी. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की वाळवून परत. कपाट भिंतीपासून तीन इंच लांब, नाहीतर ओल आणि वाळवी. खोबरेल, बूटपॉलिश अजिबात नको. कडुलिंबाचा पाला ओला ठेवला तर डागच पडतात, कसर काही जात नाही.

बालाघाट_वाचक: प्रकरणं 107 भरली. अनुवाद कॉटनचाच, संपादन हॅझलिटचं. रेशमी खूण एकाच पानात राहिली तर चालेल?

खळ_दोरा: नको. सर्द हवेत रंग पानावर उतरतो. कोऱ्या पानांत घालून ठेवा.