मदत हवी आहे: इंग्लंडमधलं सॉल्झबरी आणि विंचेस्टर एका दिवसात, ड्रायव्हरसकट गाडी ठरवून (सोबत ७८ वर्षांचे बाबा)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये मी आणि बाबा ताईकडे लंडनजवळच्या स्लाऊला येतोय. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. काय काय बघायचंय विचारलं, तर म्हणाले, "लंडन राहू दे. मला ती दोन कॅथीड्रलं दाखव, पायासाठी."

सॉल्झबरीच्या कॅथीड्रलचा मनोरा १२३ मीटर उंच, ब्रिटनमधल्या चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच. आणि पाया जेमतेम चार फूट खोल, खाली खडीचा थर. मुख्य इमारत १२२० ते १२५८ मधली. मनोऱ्याचं हजारो टनांचं ओझं नंतर चढवलं, त्याने आतले दगडी खांब वाकले आहेत आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. मनोरा ओळंब्यातून, म्हणजे सरळ उभ्या रेषेतून, सुमारे ७० सेंटीमीटर सरकलाय. फरशीतल्या भोकातून काठी सोडून खालच्या पाण्याची पातळी आजही मोजतात. बाबांना ते भोक बघायचंय.

विंचेस्टरला उलटी गोष्ट. तिथे खाली दलदलीची माती, इमारत खचायला लागली. १९०६ ते १९११ अशी जवळजवळ सहा वर्षं विल्यम वॉकर हा पाणबुड्या गढूळ पाण्यात, मिट्ट काळोखात, हाताने चाचपत पायाखाली काँक्रीटच्या गोण्या रचत होता. बाबा हे सांगतात तेव्हा आवाज बदलतो त्यांचा.

अडचण गुडघ्यांची. ट्रेनने जायचं तर सॉल्झबरीहून विंचेस्टरला मध्ये गाडी बदलावी लागते, जिने आलेच. भारतातल्या लायसन्सवर मी तिकडे गाडी चालवू शकतो, पण मला बाबांजवळ बसायचंय आणि पार्किंग शोधत त्यांना ताटकळत ठेवायचं नाहीये. म्हणून ड्रायव्हर. एका एजंटाने स्टोनहेंज, बाथ आणि ही दोन्ही शहरं दहा तासांत बसवून दिली. मला ते पटत नाही.

विचारायचं ते असं. दोनच शहरं ठेवली तर दिवस निवांत जातो का? आधी कुठलं? ड्रायव्हर दाराशी सोडतो का, की लांब उतरवतो? थांबण्याचे पैसे वेगळे पडतात का? आणि बाबांना बाहेरचं सोसत नाही, थालीपीठ-दही गाडीत खाल्लेलं चालतं का?

प्रतिसाद १

दोनच ठेवा. स्टोनहेंज सॉल्झबरीपासून जवळ आहे, पण तिथला ए३०३ महामार्ग तुंबला की अर्धा दिवस रस्त्यातच जातो. सकाळी सॉल्झबरी, जेवून विंचेस्टर (साधारण ४० किलोमीटर), मग एम३ मोटरवेने परत. सॉल्झबरीचा बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो, ते दिवस टाळा.

गाडी परवानाधारक ऑपरेटरकडूनच, आधी बुक केलेली हवी. रस्त्यात ठरवलेल्या खासगी भाड्याच्या गाडीला विमा लागू होत नाही. ईमेलवर लेखी घ्या: एकूण तास, थांबण्याचे पैसे, पार्किंग, परत पोहोचायला उशीर झाला तर काय. 'आजोबांना फार चालवत नाही, शक्य तितकं दाराजवळ सोडा' हेही त्यातच लिहा. ड्रायव्हर म्हणजे गाइड नव्हे, तो आत येणार नाही. त्याची गरजही नाही. दोन्हीकडे स्वयंसेवक असतात, बाबांनी पायाचा विषय काढला तर ते खुलतील. व्हीलचेअरसाठी आधी फोन करा.

खाण्याचं ड्रायव्हरला आधी विचारा. आम्ही सॉल्झबरीच्या हिरवळीवर बाकावर बसून डबा खाल्ला होता, मनोरा समोर. गाडीपेक्षा ते बरं.

प्रतिसाद २

विंचेस्टरच्या तळघरात पायऱ्या आहेत आणि पावसाळी दिवसांत तिथे पाणी चढतं. त्या पाण्यात शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी घडवलेला पुतळा उभा असतो, मान खाली घालून हातातलं पाणी बघणारा. बाबांना पाया पाण्यात म्हणजे काय, हे तिथेच दिसेल. गुडघ्यांना झेपतील तेवढ्याच पायऱ्या उतरू द्या, घाई नको.

वॉकरचा पुतळाही बघाच. पहिला बसवला तेव्हा फोटोंची गफलत झाली आणि चेहरा सल्लागार अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांचा लागला. पुढे २००१ मध्ये खऱ्या वॉकरचा बसवला. कादंबरीकार जेन ऑस्टेनची समाधीही इथेच आहे. मूळ शिळेवर त्यांच्या लेखनाबद्दल एक शब्द नाही.

आठवड्याच्या दिवशी साडेपाचच्या सुमाराला तिथे इव्हनसाँग (संध्याकाळची प्रार्थना) असतं, त्याला तिकीट नाही. बाबांना अर्धा-पाऊण तास बसायलाही मिळेल. त्या हिशेबाने गाडी रात्री आठपर्यंत धरा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. एजंटला नकार कळवला. पुतळ्याचं बाबांना वाचून दाखवलं, तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साइटवर उतरणाऱ्याचं नाव कधीच राहत नाही, तिथे त्यांनी चूक दुरुस्त तरी केली." जुना पितळी ओळंबा घेऊन येतो म्हणतात, तो चेक-इन बॅगेत ठेवायला सांगितलाय.

बुधवार धरतोय, सकाळी आठला स्लाऊहून. एकच राहिलं: तळघराच्या पायऱ्यांना धरायला कठडा आहे का? कोणी अलीकडे जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.